हर्शेल ‘वुडी’ विल्यम्स यांना आजही इतक्या आदराने का आठवतात?

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर झालेल्या लढाईसाठी, हे तर आहेच. 23 फेब्रुवारी 1945 रोजी अमेरिकन मरीन कोअरच्या (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलाच्या) या जवानाने पाठीवर जड फ्लेमथ्रोअर, म्हणजे आगीचा झोत फेकणारं शस्त्र, घेऊन सुमारे चार तास जपान्यांच्या काँक्रीटच्या बंकरांवर एकामागून एक हल्ले केले. सोबत कव्हर द्यायला जेमतेम चार रायफलधारी. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक दिले. आधी तर उंची कमी म्हणून मरीनने त्यांना परत पाठवले होते!

पण मला ते आठवतात ते त्यानंतरच्या आयुष्यासाठी. त्यांचं रक्षण करताना त्या दिवशी दोन मरीन मारले गेले. पदक खरं त्यांचं, मी फक्त सांभाळतो, असं वुडी कायम म्हणत. भरती होण्याआधी ते टॅक्सी चालवायचे आणि मुलगा युद्धात मारला गेल्याच्या तारा घरोघरी पोचवायचे. त्या दारांमागची माणसं त्यांच्या मनातून गेली नाहीत, असं मला वाटतं. युद्धानंतर 33 वर्षं त्यांनी माजी सैनिकांच्या सरकारी खात्यात नोकरी केली. म्हातारपणी संस्था काढून शहीदांच्या कुटुंबांसाठी गावोगावी स्मारकं उभारली. सैनिकांची स्मारकं पुष्कळ असतात, मागे राहिलेल्या आईबापांची कोण बांधतो?

29 जून 2022 रोजी, 98व्या वर्षी, ते गेले. दुसऱ्या महायुद्धातले मेडल ऑफ ऑनरचे ते शेवटचे हयात मानकरी. त्यांचं पार्थिव वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, दर्शनासाठी ठेवलं होतं.