युद्ध संपल्यावरही बायकांवरचे अत्याचार का थांबत नाहीत?

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात मी तीन वर्षं काढली, राजधानी मन्रोव्हियात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला होतो. तुम्ही विचारलंय की तह झाला, शांतिसेना आली, तरी बलात्कार का सुरू राहतात. मला तिथलंच सांगता येईल.

तिथल्या यादवी युद्धाचा तह झाला ऑगस्ट २००३ मध्ये. त्यानंतर शस्त्रं जमा करायची मोहीम निघाली. नाव नोंदवा, ३०० डॉलर घ्या. लाखाच्या वर लोकांनी नोंदवलं. बंदुका गेल्या, पण १९८९ मध्ये युद्ध पेटल्यापासून दिसेल ते ओढून घ्यायची जी चटक लागली होती ती कुठे जमा करणार? फक्त माणूस बदलला. आधी नाक्यावरचा बंदूकवाला अनोळखी पोरगा, आता शेजारी, नाहीतर घरातलाच कोणी. आणि ओळखीच्या माणसाविरुद्ध तोंड उघडणं जास्त अवघड.

कायदा आहे हो. २००६ पासून कडक केला, २००८ मध्ये मन्रोव्हियात खास कोर्ट काढलं. पण पावसाळ्यात आतल्या गावांहून राजधानी गाठायची म्हणजे चिखलात दोन-दोन दिवस. तारखेला साक्षीदारांना आणायचं कोणी? २०२० मध्येही राष्ट्राध्यक्षांना बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी आहे असं जाहीर करावं लागलं, यावरून काय ते समजा.

आपल्या सीआरपीएफच्या बायकांची तुकडी तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत २००७ ते २०१६ होती. निळी टोपी घातलेल्या त्या रस्त्यात दिसल्या की मला उगाच माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटायचं. त्यांना बघून तिथल्या मुलीही पोलिसांत जाऊ लागल्या. पण गस्त रस्त्यावर चालते, घराच्या आत नाही.

आमच्या गोदामात झाडलोट करणारी बाई दोन दिवस आली नाही. नंतर कळलं, तिच्या बहिणीच्या अकरा वर्षांच्या मुलीवर घरमालकानेच हात टाकला होता. दोन्हीकडची वडीलधारी बसली आणि 'फॅमिली वे'ने, म्हणजे घरातल्या घरात मिटवलं, तिथला शब्दच आहे तो. तीन महिन्यांचं भाडं माफ. मी म्हटलं, पोलिसांत का नाही गेलात? ती म्हणाली, "बॉस, मग झोपायचं कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाण्याचा पंप घरमालकाच्याच अंगणात होता, आणि पाणी भरायला त्या पोरीलाच पाठवत होते.