ख्रिस्ती लोकांचा देव एक की तीन? आणि नुसत्या विश्वासाने तारण मिळत असेल, तर चांगलं वागायचं कशाला?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. देव एकच म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कुठून आले? विश्वासाने तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत असेल, तर जन्मभर वाटेल तसं वागून शेवटच्या घटकेला विश्वास ठेवला तर काय बिघडलं? आणि बायबल माणसांनीच लिहिलंय ना, मग त्याला देवाचं वचन का म्हणायचं?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. साधा विश्वासणारा आहे आणि मंडळीत (चर्चमध्ये) बायबल-अभ्यासाचा एक गट चालवतो. तिथे हे तिन्ही प्रश्न हमखास निघतात. बहुतेक जण त्रैक्यापासून, म्हणजे 'एकात तीन' या पहिल्या प्रश्नापासून, सुरुवात करतात आणि तिथेच गुरफटतात. मी मधल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझ्या मते पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्याच पोटात आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ख्रिस्ती माणसाने पाप-पुण्याच्या हिशेबातून सोयीची पळवाट काढली आहे. खरं तर ख्रिस्ती शिकवण हिशेबाबद्दल फार कडक आहे. ती म्हणते, हिशेब मांडायचाच असेल तर एकही माणूस सुटणार नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल पहिले तीन अध्याय हेच सांगतो: नियमशास्त्र (मोशेने दिलेले यहुदी धर्मनियम) न जाणणारे दोषी आहेत, आणि ते पाठ असलेलेही तितकेच दोषी आहेत. पुढे सातव्या अध्यायात तो कबूल करतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि जे नको तेच होतं. पाप म्हणजे फक्त चोरी, खोटं, व्यभिचार अशी यादी नव्हे. मन देवाकडे पाठ फिरवून स्वतःभोवती फिरत राहतं, ते मूळ दुखणं. आणि ते असं आहे की चांगल्या कामांतही शिरतं.

येशूचा परुशी आणि जकातदाराचा दाखला (लूक 18) याच जागी बोट ठेवतो. परुशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, आणि हे सगळं तो खरोखरच करत असतो. जकातदार लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. त्या काळी जकातदार म्हणजे रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांना पिळणारा माणूस. ऐकणाऱ्यांना हा निकाल किती झोंबला असेल, याचा विचार करा. दाखला खोट्या धार्मिकांविरुद्ध आहे असं समजून आपण तो सहज गिळतो, पण परुशी खोटा नाहीच. त्याची अडचण एवढीच की त्याला देवाकडून काहीच नको आहे.

म्हणून ख्रिस्ती शिकवणीत तारण हे दान आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते स्पष्ट लिहिलंय: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांमुळे नव्हे, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. आठवी आणि नववी ओवी आमच्याकडे पोरांनाही पाठ असते. दहावी मात्र भल्याभल्यांना आठवत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दहाव्या ओवीत आहे: आपण सत्कृत्यं करण्यासाठीच ख्रिस्तात निर्माण झालो. म्हणजे चांगलं वागणं ही तारणाची किंमत नाही, तारणानंतरची वाटचाल आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाची संपत्ती उडवून डुकरं राखायची वेळ आलेला मुलगा घरी परततो. बाप धावत जाऊन पोराला मिठी मारतो, तेव्हा पोराने अजून एकही काम केलेलं नसतं. पण मिठीनंतर तो परत डुकरांकडे राहायला गेला असता, तर तो घरी आला होता असं कुणी म्हटलं असतं का?

तुमची शंका नवी नाही. पौलाच्या हयातीतच लोकांनी ती काढली होती. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असा प्रश्न तो रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी स्वतःच मांडतो आणि ताडकन झिडकारतो. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब तर आणखी खरमरीत आहे. देव एकच आहे असा तुझा विश्वास आहे? छान. भुतांचाही आहे, आणि ती थरथर कापतात! नुसतं डोक्याने मान्य करणं म्हणजे विश्वास नव्हे, हे याहून नेमकं कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही. विश्वास म्हणजे एका व्यक्तीच्या हाती स्वतःला सोपवणं. ते केलं की वागणं जसंच्या तसं राहत नाही, आणि राहिलं तर सोपवलंच नव्हतं.

शेवटच्या घटकेची युक्तीही लोकांनी करून पाहिली आहे, बरं का. चौथ्या शतकात बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) मरणाच्या जवळ घ्यायचा, म्हणजे आधीची सगळी पापं एकदम धुतली जातील, असा प्रघात बराच होता. सम्राट कॉन्स्टंटाईनचा बाप्तिस्मा 337 साली, मृत्यूच्या थोडंच आधी झाला. नाझियान्झसचा ग्रेगरी आणि बेसिल यांच्यासारख्या बिशपांनी या चालढकलीविरुद्ध प्रवचनं दिली. पण दुसरी बाजूही खरी आहे. येशूबरोबर क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराने शेवटच्या तासांत त्याच्याकडे आस लावली आणि त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. उशीर झाला म्हणून देव दार लावत नाही. फक्त उशीर करायचं आधीच ठरवून बसलेला माणूस पश्चात्ताप करतोय की सौदा, हे त्याचं त्यानेच पाहावं.

या विषयावर चर्चमध्ये मोठी फूटही पडली. 1517 साली मार्टिन ल्यूथरने पापदंडमाफीच्या पत्रांवर, म्हणजे पापाची शिक्षा कमी करून देणाऱ्या चर्चच्या पत्रांवर, हल्ला चढवला, त्यातून पेटलेल्या वादाच्या मध्यभागी हाच प्रश्न आला: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने का? कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या परिषदेत (1545 ते 1563) सविस्तर उत्तर दिलं गेलं. पुढे 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि मूळ गोष्टीवर, म्हणजे आपण कृपेने स्वीकारले जातो, आपल्या लायकीने नव्हे, यावर एकमत नोंदवलं. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण 'कॅथलिक कर्मांवर विसंबतात, प्रोटेस्टंट विश्वासावर' ही सोपी विभागणी मला तरी आता पटत नाही.

आता पहिला प्रश्न. तारण दान आहे म्हटलं, की विचारायला हवं की देणारा कोण आणि त्याने दिलं काय. ख्रिस्ती उत्तर: येशू आमच्या पापांसाठी क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. पुनरुत्थान हा इथे शोभेचा भाग नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल साफ सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. हे पत्र क्रुसाच्या घटनेनंतर पंचवीसेक वर्षांच्या आतलं आहे, आणि ज्यांना येशू दिसला त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असं तो तिथे लिहितो. क्रुसाने तारण नेमकं कसं साधलं, यावर मात्र वेगवेगळी मांडणी आहे. कुणी मृत्यूवरचा विजय म्हणतं, कुणी आपली शिक्षा त्याने सोसली म्हणतं, अकराव्या शतकात अन्सेल्मने देवाच्या सन्मानाची भरपाई अशी मांडणी केली. निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे चौथ्या शतकात ठरलेल्या श्रद्धेच्या निवेदनात, फक्त 'आमच्यासाठी' एवढंच आहे. ते तसंच ठेवण्यात शहाणपण होतं असं मला वाटतं.

पण इथेच एक बोचरा सवाल उभा राहतो. देवाने स्वतः बाजूला राहून एका निरपराध तिऱ्हाइताला मरायला पाठवलं असेल, तर ते प्रेम कसलं? तो अन्यायच. आमच्या गटात एका मुलीने हे जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. येशू जर तिऱ्हाईत असेल, तर क्रूस ही भयंकर गोष्ट आहे. क्रूस ही सुवार्ता (आनंदाची बातमी) ठरते ती फक्त तेव्हाच, जेव्हा तिथे सोसणारा स्वतः देव असतो.

चौथ्या शतकातलं भांडण याच गोष्टीवर होतं. अलेक्झांड्रियाच्या मंडळीतला धर्मगुरू एरियस म्हणायचा की पुत्र फार थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण शेवटी निर्माण केलेला आहे. त्याच शहरातला अथनेशियस, जो पुढे तिथला बिशप झाला, अडून बसला, आणि त्याच्या म्हणण्याचा रोख तारणावरच होता: निर्मिलेला निर्मिलेल्याला वाचवू शकत नाही. 325 साली निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकसत्त्व, म्हणजे एकाच दैवी सत्त्वाचा, आहे असं ठरवलं. पवित्र आत्म्याबद्दलचा भाग 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पक्का झाला. कारण तेच: माझ्या आत येऊन मला बदलणारा जर देवाचा नुसता प्रभाव असेल, तर देव अजूनही लांबच राहिला.

म्हणजे कुणी बसून तीन आकडा ठरवला असं झालेलं नाही. पहिले शिष्य कट्टर यहुदी होते. 'आपला देव परमेश्वर अनन्य परमेश्वर आहे' हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतलं. तेच लोक येशूला प्रभू म्हणून नमन करू लागले. शिष्य थोमा त्याला 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' म्हणतो आणि येशू त्याला अडवत नाही. एकच देव ही श्रद्धा सोडायची नाही आणि येशूबद्दल जे अनुभवलं तेही नाकारायचं नाही, या ओढाताणीतून त्रैक्याची शिकवण घडली: एक देव, एकच दैवी सत्त्व, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती. तीन देव नव्हेत, आणि एकाच देवाचे तीन मुखवटेही नव्हेत. पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टान्त बरेचदा दिला जातो, तो कृपा करून विसरा. एकच पाणी कधी बर्फ, कधी वाफ होतं. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र पुत्र नदीत उभा आहे, आत्मा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते, हे सगळं एकाच वेळी. मुखवट्यांची कल्पना सबेलियस या शिक्षकाच्या नावाने ओळखली जाते आणि ती तिसऱ्या शतकातच नाकारली गेली आहे, तरी प्रवचनांतून ती मरत नाही!

बायबलबद्दल थोडक्यात. होय, माणसांनीच लिहिलं, आणि आम्ही ते लपवत नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं, कॅथलिकांच्यात 73. भाषा इब्री, ग्रीक आणि थोडी अरामी. लिहिणारे अनेक, काळ शतकानुशतकांचा. लूक आरंभीच सांगतो की त्याने सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन लिहिलं. पौल करिंथकरांना लिहिताना म्हणतो, मी अमक्याचा बाप्तिस्मा केला, आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही. आकाशातून शब्दन् शब्द सांगितलेल्या पुस्तकात असं वाक्य आलं नसतं. देवाने माणसांच्या स्मृतीतून, भाषेतून आणि स्वभावातून बोलणं पसंत केलं, ही आमची धारणा, आणि ज्या देवाने देह धारण केला त्याला ती शोभते. शब्दशः किती घ्यायचं, परंपरेला किती वजन द्यायचं, यावर ख्रिस्ती पंथांमध्ये खरे वाद आहेत.

एक गैरसमज तेवढा खोडतो: बायबलमधली पुस्तकं निकेयाच्या परिषदेत मतदानाने निवडली, हे खरं नाही. तिथले मुख्य विषय पुत्राचं देवपण आणि ईस्टरची तारीख हे होते. चार शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची वर्णनं) आणि पौलाची पत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती. नव्या कराराच्या आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला प्रथम अथनेशियसच्या 367 सालच्या पत्रात दिसते.

ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही त्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965) म्हटलं की स्वतःचा दोष नसताना सुवार्ता न कळलेल्या, पण मनापासून देवाचा शोध घेणाऱ्या माणसांचंही तारण होऊ शकतं. अनेक इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांतल्या, वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या) मंडळ्या हे मानत नाहीत. मी पहिल्या बाजूला झुकतो, कारण न्याय करणारा तोच आहे ज्याने क्रुसावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली.

स्वतः वाचून पाहायचं असेल तर मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. मग लूकचा पंधरावा अध्याय, मग रोमकरांस पत्र, सावकाश. प्रकटीकरण सर्वांत शेवटी ठेवा. तिथे आमच्यातली मुरलेली मंडळीही ठेचकाळतात.