सहावे जॉर्ज सिगारेट ओढत नसते तर किती वर्षं जगले असते?

प्रश्न असा आहे: राणी एलिझाबेथचे वडील सहावे जॉर्ज (आपल्या १९४७ पर्यंतच्या रुपयावर ज्यांचा मुखवटा आहे तेच) ५६व्या वर्षी गेले. सिगारेटमुळे सरासरी १० वर्षं कमी होतात. मग ते ६६ पर्यंत जगले असते, बरोबर ना?

चूक. इथे ५६ अधिक १० ही बेरीज करताच येत नाही. शिकलेसवरलेले लोकही ती करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो १० चा आकडा आला कुठून ते पाहू. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या डॉक्टरांना सिगारेटच्या सवयीबद्दल एक छोटी प्रश्नावली पाठवली. त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पुढे ५० वर्षं पाठपुरावा झाला आणि शेवटचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. सतत सिगारेट ओढणारे हे कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. हा दोन गटांच्या सरासरीतला फरक झाला. प्रत्येक माणसाच्या खात्यातून वजा होणारी ती रक्कम नव्हे.

ओढणाऱ्यांच्या गटाची फोड करा. त्यातले साधारण निम्मे तंबाखूने मरतात. उरलेले निम्मे अशा कारणाने जातात, ज्याने ते तसेही गेले असते. त्यांचं नुकसान जवळपास शून्य. एका निम्म्याचं शून्य असूनही सगळ्यांची सरासरी १० येत असेल, तर दुसऱ्या निम्म्याने प्रत्येकी २० च्या आसपास वर्षं गमावलेली असणार. पन्नाशीत गेलेल्यांनी तर त्याहून जास्त. म्हणून पहिला प्रश्न हाच: राजा कुठल्या निम्म्यात होता?

इथे शंकेला फारशी जागा नाही. १९४८ च्या शेवटी त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं निदान झालं आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलावा लागला. मार्च १९४९ मध्ये पायाचा रक्तपुरवठा सुधारावा म्हणून कमरेजवळच्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया झाली. २३ सप्टेंबर १९५१ ला बकिंगहॅम राजवाड्यातच क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी त्यांचं डावं फुफ्फुस काढलं. जनतेला 'रचनेत बदल' एवढंच सांगण्यात आलं. कॅन्सर हा शब्द कुठेच नव्हता. ३१ जानेवारी १९५२ ला मुलीला केनियाच्या विमानात बसवून द्यायला ते लंडन विमानतळावर आले, तेव्हाचे फोटो पाहा: थंड वाऱ्यात उघड्या डोक्याने उभा असलेला, गाल आत गेलेला माणूस. ५ फेब्रुवारीला सँडरिंगहॅमला, राजघराण्याच्या इस्टेटीवर, त्यांनी शिकार केली आणि त्याच रात्री झोपेत हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन गेले.

पाय, फुफ्फुस, हृदय. तिन्ही ठिकाणी तंबाखूच. यातलं किती तंबाखूच्या नावावर टाकायचं याचा हिशेब सोपा आहे: ओढणाऱ्याला धोका जितके पट, त्यातून १ वजा करा आणि उरलेल्याला तितक्याच पटीने भागा. डॉक्टरांच्या अभ्यासात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू ओढणाऱ्यांत सुमारे १५ पट, आणि दिवसाला २५ किंवा जास्त ओढणाऱ्यांत सुमारे २५ पट होते. म्हणजे १५ पैकी १४, किंवा २५ पैकी २४ मृत्यू तंबाखूचे. हृदयविकाराची पट बरीच कमी असते. ती दोनच धरली तरी निम्मा वाटा तंबाखूचा.

अनेक जण इथे आणखी एक घोळ घालतात. हार्ट अटॅक नसता आला तर इतकी वर्षं, कॅन्सर नसता झाला तर इतकी, आणि मग बेरीज. असं करू नका. नुसता हार्ट अटॅक टळला असता, तर त्या काळातल्या उपचारांत कॅन्सरनेच त्यांना लवकर गाठलं असतं. आजार एकेक करून नाही, मुळावरची सिगारेट काढायची आणि सगळा धोका एकदम मोजायचा.

मोजण्यासाठी पिढीही बरोबर धरावी लागते. राजाचा जन्म डिसेंबर १८९५चा. त्याला सगळ्यात जवळचा गट १९००-१९०९ मध्ये जन्मलेल्या डॉक्टरांचा. त्यात ३५व्या वर्षी हयात असलेल्या ओढणाऱ्या १०० पैकी ४२ जण सत्तरीच्या आत गेले, न ओढणाऱ्या १०० पैकी २४. १९२० च्या दशकात जन्मलेल्यांत हेच आकडे ४३ आणि १५ आहेत. नीट पाहा: वैद्यकशास्त्र सुधारलं त्याचा सगळा फायदा न ओढणाऱ्यांना मिळाला, ओढणारे होते तिथेच राहिले. हा नंतरचा गट राजाला लावलात तर उत्तर फुगतं.

तर न ओढणारे ३५ पासून सत्तरी गाठतात १०० पैकी ७६. राजाने ५६ गाठलेलेच होते, म्हणजे तिथून सत्तरी गाठण्याची शक्यता ढोबळमानाने १० पैकी ८. मधला आकडा (निम्मे त्याआधी जातात, निम्मे नंतर) मी ७६ ते ७८ धरेन, म्हणजे साधारण १९७२. पण एकच आकडा सांगणं फसवं असतं. न ओढणाऱ्या अशा माणसांपैकी मधले निम्मे ७० ते ८५ या पट्ट्यात कुठेही जातील. ६६ हे त्या पट्ट्याच्याही खाली आहे. एलिझाबेथ २५व्या वर्षी राणी झाल्या. या हिशेबाने पंचेचाळिशीनंतर झाल्या असत्या.

आता ज्या मुद्द्यावर मी वर्षानुवर्षं वाद घालत आलोय तो. 'भावाने गादी सोडली, मनात नसताना राज्य गळ्यात पडलं, वर महायुद्ध, त्या ताणाने राजा गेला.' ही गोष्ट त्यांच्या घरातही मानली जायची आणि आजही लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ताण होता, कोण नाही म्हणतं? पण ताणाने फुफ्फुसात गाठ होत नाही. हृदयात ताणाला थोडा वाटा द्या, माझी हरकत नाही. आणि गादी सोडून ताणातून मोकळा झालेला तो भाऊ, आठवे एडवर्ड, तोही जबर ओढणारा. ७७व्या वर्षी घशाच्या कॅन्सरने गेला.

घराण्याची तुलना मात्र पुरावा म्हणून वापरू नका. वडील पाचवे जॉर्ज ७०ला गेले, आजोबा सातवे एडवर्ड ६८ला. 'त्यांच्याकडचे पुरुष एवढेच जगतात' असं म्हणणारे विसरतात की दोघेही भरपूर ओढायचे. माझ्या बाजूचा पुरावाही मी असाच बाद करतो: दोन मुलींपैकी न ओढणारी एलिझाबेथ ९६ जगली, ओढणारी मार्गारेट ७१. ऐकायला जोरदार, पण दोन माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही.

तोच नियम चर्चिलला. सिगार ओढून ९० जगले, हे उदाहरण दर वेळी तोंडावर फेकलं जातं. सिगारचा धूर सिगारेटइतका आत ओढला जात नाही, ती गोष्ट वेगळी. पण सिगारेटवाल्या डॉक्टरांतसुद्धा ३५ पासून ९० गाठणारे १०० पैकी ४ होतेच. न ओढणाऱ्यांत २४. 'आमचे आजोबा विडी ओढून नव्वदीला गेले' म्हणणाऱ्यांचे आजोबा त्या चारांतले. बाकीचे आजोबा नातवंडांनी पाहिलेच नाहीत, म्हणून त्यांचं उदाहरण कोणी देत नाही. विडी सौम्य असते हेही सोडा: २००८ मध्ये आलेल्या भारतातल्या मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांची सरासरी ६ वर्षं गेली, बायकांची ८.

काही अटी लिहायच्या राहिल्या. अभ्यासातले लोक डॉक्टर होते, सामान्य ब्रिटिश माणसापेक्षा तब्येतीने बरे. राजालाही खाण्यापिण्याची, उपचारांची ददात नव्हती म्हणून मी ते चालवून घेतलं. ओढणारे बऱ्याचदा पितातही जास्त, त्यामुळे सगळाच फरक सिगारेटचा नाही. आणि वरचं गणित 'कधीच ओढली नसती तर' याचं आहे. 'सोडली असती तर' याचं उत्तर वेगळं: तिसाव्या वर्षी सोडली तर सरासरी १० वर्षं परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६, साठाव्या वर्षी ३. राजाची पन्नाशी डिसेंबर १९४५ ला, महायुद्ध संपल्यावर चार महिन्यांनी झाली. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारा डॉल-हिल यांचा पहिला लेख छापून आला सप्टेंबर १९५० मध्ये, त्यांचं फुफ्फुस काढण्याच्या एक वर्ष आधी.