डीफॉल्ट यादीत कुणाला जागा द्यायची?

प्रश्न : आमच्या टीमसाठी मी गीक्स होमवर (वापरकर्त्याची पॅकेजेस, सेटिंग्ज आणि सेवा एका फाइलीतून उभारणारं साधन) एक सामाईक कॉन्फिगरेशन लिहितोय. प्रत्येकाचं होम एन्व्हायर्नमेंट त्यावरच उभं राहील. डीफॉल्ट, म्हणजे न सांगता लागणाऱ्या, सेवांची यादी मात्र रोज वाढतेय : बॅश (टर्मिनलमधलं शेल), एसएसएच-एजंट (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या कीज सांभाळणारा), क्लिपबोर्ड हिस्टरी (कॉपी केलेल्या मजकुराची नोंद), रेडशिफ्ट (रात्री स्क्रीनचा रंग उबदार करणारं). ‘हे तर सगळ्यांनाच लागतं’ म्हणत जो तो एकेक सुचवतो. रेघ कुठे ओढावी?

उत्तर : ‘सगळ्यांनाच लागतं’ हे कारण आधी बाजूला ठेवा. त्याच कारणाने मी एकदा स्वतः लिहिलेली एसएसएच-एजंटची सेवा डीफॉल्टमध्ये घातली होती, आणि मनस्ताप झाला तो एका सहकारी बाईंना. त्या बाई आपल्या लॅपटॉपवरचा एजंट फॉरवर्ड करून, म्हणजे त्याच्याच कीज सर्व्हरवरूनही वापरता येतील असं जोडून, सर्व्हरवर लॉगिन करायच्या. अशा एजंटचा पत्ता ‘एसएसएच_ऑथ_सॉक’ या व्हेरिएबलमध्ये येतो. माझी सेवा लॉगिन होताच तेच व्हेरिएबल स्वतःच्या सॉकेटकडे, म्हणजे स्वतःच्या रिकाम्या एजंटच्या पत्त्याकडे, वळवायची. ‘एसएसएच-ॲड -एल’ (एजंटकडच्या कीजची यादी दाखवणारी कमांड) मारलं की उत्तर यायचं, एजंटकडे एकही की नाही. दोन दिवस त्या बाई कीज, परवानग्या, सर्व्हरची सेटिंग्ज तपासत बसल्या. माझ्या सेवेवर संशय यायला ती त्यांच्या फाइलीत दिसायला तरी हवी होती! तिथे तिचा उल्लेखच नव्हता.

तेव्हापासून मी एवढंच बघतो : ही सेवा काढली तर बाकीच्या सेवा कोलमडतात का? एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, सिमलिंक मॅनेजर (सेटिंग्जच्या फाइलींचे दुवे जागेवर लावणारा), ॲक्टिव्हेशन (बदल लागू करणारी पायरी), शेलचं ‘.प्रोफाइल’ (लॉगिनला चालणारी फाइल) यांच्यावाचून कुणाचंच चालत नाही. गीक्स होम त्यांना ‘इसेन्शियल’ म्हणतं आणि न सांगता लावतं, ते योग्यच आहे. फाँटकॉन्फिगही (ॲप्सना फाँट शोधून देणारी व्यवस्था) त्यातच आहे. पहिल्यांदा मला ते खटकलं होतं. पण यादीत फाँटचं पॅकेज घातलं आणि तो फाँट कुठल्याच ॲपमध्ये दिसला नाही, तर पॅकेजची यादी देण्यात अर्थ काय? नव्या प्रोफाइलमध्ये (पॅकेजेस जिथे बसतात तिथे) फाँट शोधायला सांगणारं कुणीतरी हवंच.

बॅश मात्र नको. ती सेवा ‘.बॅशआरसी’ ही बॅशची सेटिंग्ज फाइल आपल्या ताब्यात घेते. पहिल्या रीकॉन्फिगरला, म्हणजे कॉन्फिगरेशन लागू करताना, गीक्स होम जुनी फाइल उचलून नावात वेळेचा आकडा घातलेल्या बॅकअप फोल्डरमध्ये ठेवतं. फाइल शाबूत असते, पण वर्षानुवर्षं जमवलेले एलियस (कमांडची छोटी नावं) सकाळी टर्मिनल उघडल्यावर सापडत नाहीत, तेव्हा माणूस घाबरतोच. ज्याला हवी त्याने स्वतःच्या हाताने ती ओळ लिहावी.

क्लिपबोर्ड हिस्टरीला तर माझा ठाम विरोध आहे. पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केलेला पासवर्डही त्यात जाऊन बसू शकतो. न विचारता कुणाच्या माथी मारायची ही गोष्ट नाही. रेडशिफ्टला डिस्प्ले लागतो. नुसतं एसएसएचने येणाऱ्याला तिचा काय उपयोग?

सहकाऱ्यांचा आग्रह अगदीच चुकीचा नाही, नव्या माणसाला तयार काहीतरी हवं असतं. त्यासाठी एक नमुना फाइल द्या. तिच्यात या सेवा उघड, एकेका ओळीवर लिहा, वर एक वाक्य टीप. नको ती ओळ खोडता येते. कोडमध्ये दडवलेली सेवा काढायला ‘मॉडिफाय-सर्व्हिसेस’ (सेवांची यादी बदलणारा कोड) लागतं आणि त्याआधी ती तिथे आहे हे माहीत असावं लागतं. एसएसएच-एजंटही या नमुन्यातच ठेवा. फक्त व्हेरिएबल आधीच भरलेलं असेल तर त्याला हात लावायचा नाही, ही अट त्या सेवेत घाला.