सरकारी कार्यालय म्हणतं ‘सॉफ्ट कॉपी देण्याची तरतूद नाही’. माहिती अधिकारात संगणकातली फाइल मागता येते का?

हो, मागता येते, आणि तुमच्या बाबतीत तर मागायलाच हवी. तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये तुमच्या भागातल्या तीन वर्षांच्या रस्त्याच्या कामांची यादी आणि देयकं ई-मेलवर मागितली, तर ‘तरतूद नाही, १,१४० पानांचे २,२८० रुपये भरा’ असं पत्र आलं. कार्यालयाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, त्यानं काही अडत नाही. महापालिका असो, जिल्हा परिषद असो की नगरपरिषद, कायदा एकच आहे.

तरतूद आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(ञ) मध्ये हा अधिकार म्हणजे काय ते सांगतानाच म्हटलंय की संगणकात साठवलेली माहिती डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट किंवा इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवता येते. आज फ्लॉपी कुणाकडे नाही, पण ‘इतर कोणत्याही’ या शब्दांत ई-मेल आणि सीडी दोन्ही आले. पुढे कलम ७(९) सांगतं की माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सामान्यतः द्यायची. अपवाद दोनच: त्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री अवाजवी प्रमाणात खर्ची पडणार असेल, किंवा मूळ अभिलेखाला धोका असेल. संगणकातली फाइल ई-मेलला जोडण्यात यातलं काय होतं? उलट हजारभर पानांच्या झेरॉक्स काढण्यातच माणसं अडकून पडतात. हा मुद्दा अपिलात याच शब्दांत मांडा.

आता तुमच्याकडचं पत्र परत एकदा काढून वाचा. कलम ७(३) नुसार जादा शुल्क मागणाऱ्या पत्रात रकमेचा हिशोब तर हवाच, शिवाय शुल्काबद्दल आणि माहिती ज्या स्वरूपात देऊ केली आहे त्याबद्दल दाद कुणाकडे, किती दिवसांत मागायची हेही लिहिलेलं हवं. म्हणजे स्वरूपावर तक्रार करता येते, हे कायद्यानं स्वतःच गृहीत धरलंय. बहुतेक छापील पत्रांत ही ओळ नसते. तुमच्याही पत्रात नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच करा.

पण माझ्या मते खरी मेख अर्जाच्या मजकुरात असते. ‘रस्त्यांच्या कामांची सर्व माहिती सॉफ्ट कॉपीत द्यावी’ असं लिहिलं की टेबलावरचा माणूस नस्त्या, म्हणजे कागदी फायली, काढतो, पानं मोजतो आणि दोन रुपयांनी गुणतो. त्याच्या जागी कुणीही तेच करेल. म्हणून ती माहिती कार्यालयात कशात ठेवलेली आहे ते आधी बघून यायचं. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात, अर्ज न करता. तिथे एकदा जाऊनच या. एका बांधकाम शाखेत मी असाच बसलो होतो. टेबलावर नस्त्यांचा ढीग होता, आणि बाजूच्या संगणकावर लिपिकानं एक्सेलचा तक्ता उघडलेला: कामाचं नाव, प्रभाग, ठेकेदार, कार्यादेश क्रमांक व दिनांक, अंदाजपत्रकीय रक्कम, अदा केलेली रक्कम. मला जे हवं होतं ते सगळं त्या एका फाइलमध्ये होतं. नस्त्यांची गरजच नव्हती. रकान्यांची नावं वहीत उतरवून घेतली आणि अर्जात तीच लिहिली.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. जोडपत्र ‘अ’ मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, तपशिलाच्या जागी असं लिहा:

‘बांधकाम विभागाकडील रस्ते कामांची नोंदवही/तक्ता (कामाचे नाव, प्रभाग, ठेकेदार, कार्यादेश क्रमांक व दिनांक, अंदाजपत्रकीय रक्कम, अदा रक्कम) संगणकात ज्या फाइलमध्ये ठेवली आहे ती फाइल आहे त्याच स्वरूपात, कलम २(ञ) व ७(९) नुसार, वरील ई-मेल पत्त्यावर पाठवावी. छापील प्रती नकोत. ई-मेल शक्य नसल्यास सीडीवर द्यावी, तिचा खर्च भरण्यास तयार आहे. बँक खाते क्रमांक व वैयक्तिक मोबाईल क्रमांक कलम १० नुसार वगळावेत.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घाला, म्हणजे खासगी माहितीचं कारण सांगून अख्खी फाइल अडवायला जागा राहत नाही. पेन ड्राइव्हचा आग्रह धरू नका. व्हायरसची भीती पुष्कळ ठिकाणी खरी असते.

मर्यादाही माहीत असू द्या. जी माहिती अस्तित्वात नाही ती तयार करून देणं बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या निकालात स्पष्ट केलंय. मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही, हातानं लिहिलेलं असेल तर त्याची एक्सेल मिळणार नाही, तिथे स्कॅन मागा किंवा नेमकी पानं निवडून झेरॉक्स घ्या. २०१८ मध्ये मतदार याद्यांच्या प्रकरणात, शोध घेता येईल अशाच स्वरूपात याद्या द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली होती. तो वाद माहिती अधिकाराचा नव्हता, तरी तुमच्यापुढे टाकला जाऊ शकतो. त्यावर उत्तर असं की तुम्ही रूपांतर करून मागत नाही आहात, आहे तीच फाइल मागताय.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेलच. सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकमध्ये रस्त्यांवर किती काम निघतं ते आपण बघतोच. एकाच गल्लीचं नाव दोन कार्यादेशांत आलंय का, हे १,१४० पानांच्या गठ्ठ्यात शोधायला आठवडे जातील. तक्त्यात गाळणी (फिल्टर) लावली की मिनिटात दिसतं. आणि ती फाइल शेजाऱ्यांना पाठवता येते, नगरसेवकाला दाखवता येते.

तर आता २,२८० रुपये भरू नका. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र ‘ब’ मध्ये (अपिलाचा नमुना) अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्याच दिवशी वरच्या मजकुराचा नवा अर्जही आवक विभागात द्या (१० रुपयांचा स्टॅम्प) आणि दोन्हींच्या पोचवर शिक्का व तारीख घ्या. अपिलावर ३० दिवसांत, फार तर कारणं नोंदवून ४५ दिवसांत, निर्णय व्हायला हवा. नाही झाला किंवा पटला नाही, तर ९० दिवसांच्या आत द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाकडे. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, आयोगाचं खंडपीठ नाशिकमध्येच आहे. सुनावणीला जाताना रकान्यांची ती वही आणि मूळ पत्र दोन्ही सोबत ठेवा.