२ खेळाडूंच्या आर्केड कॅबिनेटची एलईडी बटणं: दिवे यूएसबीवर चालतील की वेगळा अडॅप्टर लागेल?

वेगळा अडॅप्टर घ्या. तुमची २० बटणं आहेत आणि प्रत्येकाला चार टोकं का, असं तुम्ही विचारलंय, तर आधी तेच सांगतो. दोन टोकं मायक्रोस्विचची (बटण दाबल्याचं कळवणारा छोटा स्विच) आणि दोन दिव्याची. (स्विचलाच तीन टोकं असतील तर ‘कॉम’ (सामाईक) आणि ‘एनओ’ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) वापरायची.) स्विच आणि दिवा एका बटणात बसले असले तरी त्यांचे विजेचे मार्ग वेगळे आहेत, आणि ते वेगळेच ठेवा असा माझा आग्रह आहे. स्विचच्या तारा एन्कोडरकडे (बटणांचे दाब यूएसबीतून कॉम्प्युटरला कळवणारा बोर्ड), दिव्यांच्या अडॅप्टरकडे. मग दिव्यांच्या बाजूला काही शॉर्ट झालं तरी कॉम्प्युटरला झळ लागत नाही, आणि बिघाड शोधायला निम्म्याच तारा तपासाव्या लागतात.

यूएसबीचा हिशोब असा: एका एलईडीला साधारण २० मिलिअँपिअर, म्हणजे वीस बटणांना ४००. यूएसबी २.० पोर्ट ५०० पर्यंत देतो. कागदावर बसतं, पण एन्कोडरही त्यातूनच खातो आणि नंतर दोन-चार दिवे वाढवायला जागा उरत नाही. १ अँपिअरचा अडॅप्टर आरामात पुरेल.

किती व्होल्टचा, हे मात्र बटणं ठरवतात. बाजारात ५ आणि १२ व्होल्टची बटणं दिसायला सारखीच असतात. १२ वाली ५ वर लावली तर मंद पेटतील किंवा पेटणारच नाहीत. ५ वाली १२ वर लावली तर जळतील. माहितीपत्रक नसेल तर ५ व्होल्टवरच तपासायला सुरुवात करा.

दिव्यात रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा छोटा भाग) आहे की नाही, हेही बघा. बहुतेक तयार बटणांत असतो. नुसता एलईडी असेल तर तुम्हाला घालावा लागेल: ५ व्होल्टवर पांढऱ्या-निळ्याला १०० ओहम, लालला १५०, १२ व्होल्टवर पांढऱ्या-निळ्याला ४७०. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर हवा. सगळ्यांना मिळून एकच लावला तर लाल एलईडी कमी व्होल्टेजवर पेटत असल्यामुळे प्रवाह तोच ओढतो आणि शेजारचा निळा काळोखात राहतो.

जोडणी समांतर. अडॅप्टरच्या अधिक टोकापासून एक तार निघून सगळ्या बटणांच्या अधिक टोकांना शिवत जाते, तशीच दुसरी ऋण टोकांना. तारांना लग (टोकावर सरकवून बसणाऱ्या धातूच्या टोप्या) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, म्हणजे बटण बदलताना सोल्डरचे डाग उकलत बसावं लागणार नाही. लग घेण्याआधी टोकांची रुंदी मोजा, २.८ आणि ४.८ मिलिमीटर अशी दोन मापं नेहमी भेटतात आणि स्विचचं व दिव्याचं माप वेगळं असू शकतं. एखादा दिवा पेटला नाही तर आधी त्याच्या दोन तारा उलटून पाहा. अडॅप्टरजवळ अधिक तारेत १ अँपिअरचा फ्यूज टाका, कारण लाकडी पेटीत तारांचा जुडगा बंद होणार आहे.

पुढे खेळाप्रमाणे दिवे बदलावेत असं वाटलं, तर आर्डुइनो उनोच्या (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) पिनांवर थेट भार टाकू नका. सगळ्या पिना मिळून २०० मिलिअँपिअर ही त्याची मर्यादा आहे. मध्ये यूएलएन२८०३ ही जास्त प्रवाह हाताळणारी स्विचिंग चिप लावा. एका चिपमध्ये आठ वाटा असतात आणि ती ऋण बाजू जोडते-तोडते, त्यामुळे दिव्यांची अधिक तार आहे तशीच राहते. फक्त या रचनेत आर्डुइनो, चिप आणि अडॅप्टर यांचं ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडावंच लागतं.