सोळाशे माणसांचं बेट आणि बाबांचा प्रश्न

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. सेमिनारसाठी प्रशांत महासागरातलं न्युए हे बेट घेतलं आणि त्यातच गुंतून गेले. १९७४ पासून तिथं स्वतःचं सरकार आहे, पण लोक नागरिक न्यूझीलंडचे. सेमिनारला मी ‘अर्धवट स्वातंत्र्य’ असं नाव दिलं. मला याच विषयात पुढे शिकायचंय. बाबा म्हणतात, “सोळाशे माणसं? आपल्या गावच्या मतदारयादीत याहून जास्त नावं आहेत. यावर पोट भरणार का?” त्यांच्या मते मी बी.एड. करावं. यात करिअर आहे का? न्यूझीलंडला जाऊन शिकावं का?
– एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

प्रिय विद्यार्थिनी,

आधी बाबांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. न्युएवर तुला नोकरी मिळेल या आशेवर काहीही ठरवू नकोस. २६० चौरस किलोमीटरचं बेट, चौदा गावं, आणि सगळ्यात जास्त नोकऱ्या सरकारकडेच. त्या थोड्या जागा तिथल्याच मुलांना कमी पडतात. ‘न्युएची तज्ज्ञ’ हवी अशी जाहिरात तुला पुण्या-मुंबईतही दिसणार नाही. इथवर बाबांचं बरोबर आहे.

पण तुझ्या पत्रात बेटाचं वर्णन जवळपास नाहीच. कोणाकडे कोणता अधिकार, तो कोणत्या कागदावर लिहिलाय आणि भांडण झालं तर शेवटचा शब्द कोणाचा, एवढंच तू तीन पानं विचारत राहिली आहेस. हा कायद्याचा प्रश्न आहे. तुझं करिअर मला तिथं दिसतं.

म्हणून सेमिनारच्या नावापासून सुरुवात करू, कारण ‘अर्धवट’ या शब्दाशी मी सहमत नाही. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १५४१ क्रमांकाचा ठराव केला. वसाहतीला पूर्ण स्वराज्य तीन वाटांनी मिळू शकतं असं त्यात म्हटलंय : स्वतंत्र देश होणं, दुसऱ्या देशाशी ‘फ्री असोसिएशन’मध्ये म्हणजे स्वखुशीनं जोडून राहणं, किंवा त्या देशात विलीन होणं. दुसऱ्या वाटेला मोठी अट आहे. लोकांनी ती मोकळेपणानं निवडलेली हवी, आणि पुढे मन बदललं तर ती सोडण्याची मोकळीकही त्यांना हवी. न्युएच्या लोकांनी सप्टेंबर १९७४ मध्ये मतदान करून हीच वाट घेतली आणि १९ ऑक्टोबरपासून त्यांचा कारभार त्यांच्या हाती आला. पहिले पंतप्रधान रॉबर्ट रेक्स १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर होते.

त्याच दिवशीचा पुढचा ठराव, क्रमांक १५४२, तू नक्की वाच. पोर्तुगालच्या ताब्यातले कोणते प्रदेश स्वराज्य नसलेले मानायचे त्याची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत गोवा आहे! तुझ्या घरापासून बांद्यापलीकडचा गोवा. वर्षभरानं, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्याचा निकाल वेगळ्या रीतीनं लागला हे तुला सांगायला नको. न्युएचं स्वराज्य पुढे ज्या शब्दांनी मोजलं गेलं, त्याच शब्दांनी त्या दिवशी गोव्याचाही हिशेब मांडला जात होता. ‘इतक्या लांबचा विषय कशाला घेतलास’ असं कोणी विचारलं की हे दोन ठराव समोर ठेव.

आता मूळ कागद. न्यूझीलंडच्या संसदेचा १९७४ चा न्युए संविधान कायदा इतका छोटा आहे की एका दुपारी वाचून होतो. पाचवं कलम नागरिकत्वाचं. सहावं म्हणतं, न्युएच्या परराष्ट्र व्यवहाराची आणि संरक्षणाची जबाबदारी न्यूझीलंडकडे राहील. सातवं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : न्युएला लागणारी आर्थिक आणि प्रशासकीय मदत देणं ही न्यूझीलंडची कायम चालणारी जबाबदारी आहे. तिथं मदत ही कोणाची मेहेरबानी नाही, कायद्यात लिहिलेलं देणं आहे. शिवाय न्यूझीलंडच्या संसदेनं केलेला कायदा न्युएच्या संमतीशिवाय बेटावर लागू होत नाही, आणि या नात्याची मूळ कलमं बदलायची झाली तर न्युएच्या वीस सदस्यांच्या विधानसभेत दोन तृतीयांश आणि जनमतातही दोन तृतीयांश मतं लागतात. दार उघडायची किल्ली लहान घराकडे आहे. हे सगळं वाचून मग ठरव, अर्धवट कशाला म्हणायचं ते.

परराष्ट्र व्यवहाराचं कलम वाचून तू फसली असशील असा माझा अंदाज आहे. पुष्कळ जण फसतात. प्रत्यक्षात न्युए स्वतःच्या नावानं करार करतं, युनेस्को आणि जागतिक आरोग्य संघटनेचं सदस्य आहे, २०१२ पासून भारताशीही त्याचे राजनैतिक संबंध आहेत. अमेरिकेनं त्याला सार्वभौम देश म्हणून मान्यता दिली ती मात्र २०२३ मध्ये. संयुक्त राष्ट्रांचं ते सदस्य नाही. कागदावरचा एक शब्द पन्नास वर्षांत कुठून कुठं जातो, हे या एका कलमात शिकायला मिळतं.

आणि शब्द सैल राहिला तर काय होतं तेही बघ. न्युएच्या आधी, १९६५ मध्ये, कुक बेटांनी न्यूझीलंडशी असंच नातं जोडलं. त्यात एकमेकांशी सल्लामसलत करायचं ठरलेलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुक बेटांच्या पंतप्रधानांनी चीनशी भागीदारीचा करार केला. न्यूझीलंड म्हणालं, आम्हाला नीट विचारलं नाही. कुक बेटं म्हणाली, एवढं विचारायचं बंधन आमच्यावर नाही. पुढे न्यूझीलंडनं एक कोटी ऐंशी लाख न्यूझीलंड डॉलरहून जास्त मदत रोखून धरली. ‘सल्लामसलत’ म्हणजे नेमकं किती, या वादापायी पंधरा-सोळा हजार लोकांच्या सरकारचं अंदाजपत्रक हललं. असे शब्द आधीच घट्ट बांधणारी आणि नंतर सोडवणारी माणसं जगाला लागतात. ते शिक्षण कायद्याच्या वर्गात मिळतं.

टोकेलाउचं उदाहरणही सेमिनारमध्ये घाल. तीन प्रवाळबेटं, दीड हजार माणसं, अजून न्यूझीलंडच्या अखत्यारीत. न्युएसारखं नातं हवं का, यावर तिथं २००६ मध्ये मतदान झालं. साठ टक्के ‘हो’ म्हणाले, पण ठरलेल्या दोन तृतीयांशाला ते पुरलं नाही. २००७ मध्ये पुन्हा झालं. ४४६ हो, २४६ नाही. सोळा मतं कमी पडली. मला हा आकडा फार बोलका वाटतो. बाहेरून आपल्याला वाटतं की स्वराज्य समोर आलं की सगळे धावत सुटतील. पण आजारी आईला बोटीनं न्यायचं असतं, शाळेला शिक्षक हवा असतो, आणि मतपेटीसमोर उभा असलेला माणूस तोही हिशेब करत असतो. त्याला भित्रा ठरवून लिहू नकोस.

याच्याच दुसऱ्या बाजूबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, आणि ती तू कोकणातली असून सुटली याचं मला आश्चर्य वाटलं. न्युएची लोकसंख्या १९६६ मध्ये पाच हजारांच्या वर होती. पुढे विमानतळ झाला, न्यूझीलंडचा पासपोर्ट हातात होताच, आणि माणसं ऑकलंडला गेली ती गेलीच. आज स्वतःला न्युएचे म्हणवणारे तीस हजारांवर लोक न्यूझीलंडमध्ये आहेत, बेटावर जेमतेम सोळा-सतराशे. त्यात २००४ च्या जानेवारीत हेटा चक्रीवादळानं राजधानी अलोफीतलं हॉस्पिटलसुद्धा नेलं. तुझ्या वाडीतली कुलूपबंद घरं आठव, गणपतीला येणारे चाकरमानी आठव. मोठ्या शेजाऱ्याचं नागरिकत्व हे संकटातलं छप्पर आहे आणि गाव रिकामं होण्याची वाटही तीच आहे. स्वराज्य मिळालं, पण ते चालवायला माणसं उरतील का, हा प्रश्न कोकणातल्या मुलीला जितका आतून कळेल तितका दिल्लीतल्या प्राध्यापकाला कळणार नाही. तुझा प्रबंध कधी झालाच तर तो इथून सुरू होऊ दे.

आता पुढचं. बी.ए. झाल्यावर तीन वर्षांचं एलएल.बी. कर, त्यासाठी राज्याची सीईटी दे. अनुदानित महाविद्यालयात फी आवाक्यात असते. तिथं आंतरराष्ट्रीय कायदा आणि घटनेचा कायदा मनापासून शिक, मूट कोर्ट म्हणजे सरावाचे खटले सोडू नकोस. नंतर आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. करायचं तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा आहे, दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीतही तो अभ्यासक्रम आहे. वकिलीची सनद हातात असेल तर वाईटातल्या वाईट दिवशीही कणकवलीच्या कोर्टात उभी राहशील, हे बाबांना शांतपणे सांग. शिकवायचं असेल तर नेट-सेट आहेच. परराष्ट्र मंत्रालयात करारांचा मसुदा तपासणारा कायदा विभाग आहे. तिथल्या जागा मोजक्या निघतात, म्हणून त्याच एका दारावर बसून राहू नकोस.

कर्ज काढून आत्ताच न्यूझीलंडला जाऊ नकोस. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात किंवा कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत प्रशांत बेटांचा अभ्यास उत्तम होतो, पण तिथं जायचं ते शिष्यवृत्तीवर आणि कायद्याची पदवी घेऊन. काही वर्षांपूर्वी एका मुलाला सागरी कायद्याचं वेड होतं, आणि मी त्याला ‘आधी बँकेची परीक्षा दे’ म्हणाले होते. तो आज बँकेत आहे, आणि भेटला की अजून बंदरांबद्दलच बोलतो. तो सल्ला मला अजून टोचतो. म्हणून तुला ‘सोडून दे’ म्हणत नाही, क्रम बदल एवढंच म्हणते.

तोवर पैसे न घालवता करता येण्याजोगं पुष्कळ आहे. साउथ पॅसिफिक विद्यापीठाचं पॅकली नावाचं संकेतस्थळ आहे. न्युएचं संविधान, कुक बेटांचे कायदे, तिथल्या न्यायालयांचे निकाल, सगळं तिथं फुकट वाचता येतं. याच विद्यापीठाच्या वानुआतूमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मागणी सुरू केली : हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगावं. वानुआतू सरकारनं ती उचलली, २०२३ मध्ये आमसभेनं मंजूर केली, आणि जुलै २०२५ मध्ये हेगच्या त्याच न्यायालयानं आपलं मत दिलं. सुरुवात केली ती तुझ्याच वयाच्या मुलांनी.

बाबांसाठी अजून एक गोष्ट. त्यांनी माणसं मोजली, समुद्र मोजला नाही. न्युएच्या हक्काचा समुद्र तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जास्त. त्यात मासे कोणी पकडायचे, तळाला कोणी हात लावायचा, कुठला भाग राखून ठेवायचा, हे ती सोळाशे माणसं ठरवतात. त्यांनी चाळीस टक्के समुद्र राखीव करून टाकलाय. गस्तीची बोट, पैसा, शास्त्रज्ञ बाहेरून आणावे लागतात, आणि प्रत्येक वेळी करार करावा लागतो. आपल्याकडे मालवणपासून देवगडपर्यंत परप्रांतीय ट्रॉलरवरून काय चालतं ते तुम्ही दोघंही जाणता. तेव्हा समुद्राचा कायदा जाणणारी वकील सिंधुदुर्गात बेकार बसेल असं मला वाटत नाही.

सीईटीचा अर्ज सुटला की भरून टाक. बी.एड.चा अर्जही भर, बाबांचं मन राहील आणि निर्णय निकालानंतर घेता येईल. दिवाळीच्या सुट्टीत न्युएचं सातवं कलम आणि कुक बेटांचा संविधान कायदा शेजारी शेजारी ठेवून दोन पानं लिही, मराठीतच लिही, आणि मला पाठव.